दोरीवरचा टॉवेल

जुलै २०२३. मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरात सकाळची शाळेची धांदल चालली होती आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या महिन्यात आजवरच्या कुठल्याही जुलैपेक्षा जास्त पाऊस मोजला, हे नंतर पेपरात वाचलं. आम्हाला तो न वाळणाऱ्या कपड्यांवरून कळत होता. हॉलमध्ये खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधली होती. तिच्यावर शाळेचे मोजे, सासूबाईंचं पातळ आणि घरातल्या चौघांचा मिळून एक टॉवेल.

आतून लेक ओरडली, "आई, डोळे उघडत नाहीयेत!"

नऊ वर्षांची पोर पलंगावर बसून दोन्ही हातांनी चेहरा चाचपत होती. वरच्या पापणीचे केस खालच्या पापणीत गुंतून पिवळट चिपडांनी घट्ट चिकटले होते. वाटीत कोमट पाणी घेतलं आणि कापूस भिजवून पापणीवर धरून ठेवला. दोन-तीन मिनिटांनी चिपडं मऊ पडली, एकेक केस सुटा झाला आणि डोळा उघडला. पांढरा भाग तांबडालाल झाला होता, खालची पापणी सुजून जड झाली होती. पाणी गळत होतं. कानाच्या पुढे, गालाचं हाड सुरू होतं तिथे, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. बोट लावलं की ती कळवळायची. त्या गाठीचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता.

मी तिचं तोंड धुतलं, दोरीवरच्या टॉवेलने पुसलं आणि तो पुन्हा दोरीवर टाकला.

आठवडाभराने नवऱ्याचा डावा डोळा लाल झाला, दुसऱ्या दिवशी उजवा. मग मी. माझ्यामागून सासूबाई. घरातली साथ कशी फिरली, याचा विचार मी बरी झाल्यावर केला आणि दरवेळी त्या टॉवेलपाशीच येऊन थांबले. हा लेख त्या विचारातून लिहिला आहे. डोळे येणं हा आजार किरकोळ समजला जातो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो तसा असतोही. पण आपण त्याच्यावर जे उपाय करतो ते बव्हंशी चुकीच्या जागी करतो. डोळ्यात काय घालायचं याची चर्चा घरोघर होते. हाताचं, कापडाचं आणि सुट्टीचं काय करायचं, याची होत नाही.

मराठीत ताप येतो, देवी यायच्या, गोवर येतो आणि डोळेही येतात. पाहुण्यासारखा आजार येतो, राहतो, जातो. पण डोळ्यांच्या बाबतीत भाषेने एक धोक्याची सूचना देऊन ठेवली आहे. "डोळे आले" म्हणजे आठ-दहा दिवसांचा त्रास आणि "डोळे गेले" म्हणजे आंधळेपण. एका क्रियापदाचं अंतर आहे. आलेल्या डोळ्यांचे गेलेले डोळे होणं फार दुर्मीळ, पण ते होतं तेव्हा बहुतेकदा विषाणूपेक्षा उपचारातल्या चुकीमुळे होतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

त्या वर्षी महाराष्ट्रात साथीची पहिली मोठी बातमी आळंदीहून आली. आषाढी होऊन गेली होती, इंद्रायणीकाठच्या वारकरी शिक्षणसंस्थांमध्ये मुलं परतली होती. एका खोलीत अनेकजण राहतात, पंगतीला शेजारी शेजारी बसतात, बादल्या आणि पंचे सामाईक असतात. काही दिवसांत तिथे दोन हजारांच्या वर डोळे आलेले रुग्ण झाले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे गेले. ऑगस्ट उजाडला तेव्हा राज्याचा आकडा पाऊण लाख ओलांडून गेला होता आणि जिल्ह्यांत बुलढाणा सर्वांत पुढे होता. मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या महापालिकेच्या मुरली देवरा नेत्र रुग्णालयापासून विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी इथपर्यंत नेत्रविभागांत काळे चष्मे लावलेली माणसं दिसू लागली. शाळांच्या ग्रुपवर रोज एक सूचना यायची. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी कागद चिकटवला होता, "डोळे आलेल्यांनी जिने वापरावेत." सहाव्या मजल्यावरच्या आजींना कुणी जिने उतरायला लावले नाहीत, हे बरं झालं. लिफ्टमधली हवा निर्दोष होती. बटणांवर मात्र इमारतीतल्या प्रत्येकाचं बोट दिवसातून चार वेळा पडत होतं.

बघितल्याने डोळे येतात, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की डॉक्टरकडच्या बाकावरही लोक एकमेकांकडे पाठ करून बसतात. नजरेतून विषाणू जात नाही. डोळ्यातलं पाणी बोटाला लागतं, बोट कडीला, कडी दुसऱ्याच्या बोटाला आणि ते बोट त्याच्या डोळ्याला. इतका साधा हा प्रवास आहे. काळा चष्मा लावायचा तो प्रकाश खुपू नये म्हणून आणि हात डोळ्याकडे गेला तर अडावा म्हणून. समोरच्याचं रक्षण त्याने होत नाही.

विशेष म्हणजे आपल्या जुन्या वैद्यकाला हे माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांची यादी आहे. कुष्ठ, ज्वर आणि शोष यांच्या पंक्तीला तिथे नेत्राभिष्यंद बसवला आहे, म्हणजेच डोळे येणं. हे रोग कशाने पसरतात, तेही सांगितलं आहे. अंगाला अंग लागणं, श्वास, एकत्र जेवणं, एका अंथरुणावर वा आसनावर बसणं, दुसऱ्याची वस्त्रं, माळा आणि उटणी वापरणं. या यादीत नजर नाही. वस्त्र आहे. इतक्या जुन्या ग्रंथातल्या वैद्याने दोरीवरच्या पंच्याकडे बोट दाखवून ठेवलं होतं.

आता हे बोट घेऊन लोकलमध्ये चढा. बोरिवलीची सकाळची फास्ट, लेडीज डबा. रेल्वेच्या हिशेबात या गर्दीचं मापच वेगळं आहे, एका चौरस मीटरला चौदा ते सोळा उभी माणसं. दारातला उभा दांडा, वरच्या कड्या, सीटच्या पाठीची पट्टी, जिथे हात पोचेल तिथे धरायचं. अंधेरीला निम्मा डबा उतरतो, मेट्रोकडे धावतो आणि घाटकोपरला जाणाऱ्या गाडीत दुसऱ्या दांड्याला धरतो. २०१४ पासून पश्चिम उपनगरातला हात पंधरा-वीस मिनिटांत पूर्व उपनगरात पोचतो. पूर्वी साथीला इतका जवळचा रस्ता नव्हता.

ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वर्गाचं चित्रीकरण करून एकदा मोजलं होतं, की माणूस स्वतःच्या चेहऱ्याला किती वेळा हात लावतो. सरासरी तासाला २३ वेळा. त्यातले निम्म्याच्या आसपास स्पर्श तोंड, नाक आणि डोळे यांना होते. हे २०१५ साली छापून आलं. बोरिवली ते चर्चगेट जवळपास तासाचा प्रवास आहे. घाम, वाऱ्याने डोळ्यात गेलेली धूळ, कपाळावरून सरकलेली केसांची बट. आपला हात चेहऱ्याकडे जातोच, आणि गेल्याचं आपल्याला कळतही नाही.

डोळे आणणाऱ्या विषाणूंची दोन कुळं मुख्य आहेत आणि २०२३ मध्ये देशात दोन्ही सापडली. पहिलं अ‍ॅडिनोव्हायरसचं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच ते बारा दिवस जातात, त्रास दोन आठवडेसुद्धा चालतो आणि कानापुढची ती गाठ बरेचदा याच्यामुळे येते. हा विषाणू कोरड्या प्लॅस्टिकवर आठवडेच्या आठवडे तग धरतो. त्याला बाहेरून चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे करोनाकाळात आपण ज्या सॅनिटायझरवर विसंबलो तो याच्यापुढे तितका भरवशाचा नाही. साबण आणि भरपूर पाण्याने हात चोळून धुणं जास्त कामाचं. दुसरं कूळ एन्टरोव्हायरसचं, म्हणजे पोलिओच्या विषाणूच्या नात्यातलं. तो एक-दोन दिवसांतच डोळा लाल करतो, पांढऱ्या भागात रक्ताचे ठिपके किंवा डागच दिसतात, माणूस घाबरतो आणि पाच-सात दिवसांत बरा होतो. आमच्या घरात मुलीपासून नवऱ्यापर्यंत जायला आठवडा लागला, त्यावरून आमच्याकडे पहिलं कूळ आलं असावं.

सासूबाईंना डोळे आले तेव्हा त्या म्हणाल्या, "ही तर काहीच नाही. एकाहत्तर साली आख्खी चाळ डोळे बांधून बसली होती." लग्न होऊन त्या कोकणातून घाटकोपरला आल्या होत्या. भटवाडीतली दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक नळ. त्यांच्या आठवणीत धण्याच्या पाण्यात बुडवलेल्या पट्ट्या आहेत, घरोघरचे रडके चेहरे आहेत आणि युद्धाच्या बातम्या आहेत. वयामुळे त्यांनी वर्षं एकत्र केली असतील असं मला वाटलं होतं. शोधायला गेले तर त्यांची आठवण पक्की निघाली, आणि तिच्यामागे मुंबईच्या वैद्यकाच्या इतिहासातलं एक असं पान सापडलं, जे आपल्या शहरात फार कमी लोकांना ठाऊक आहे.

१९६९ च्या उन्हाळ्यात घानाच्या अक्रा शहरात एका नव्याच प्रकारचे डोळे आले. लागण झटपट, डोळ्यात रक्त उतरलेलं. त्याच सुमाराला अपोलो ११ चंद्रावर उतरलं होतं, म्हणून तिथल्या लोकांनी आजाराला "अपोलो" नाव दिलं. साथ आफ्रिकेतून पसरली, आग्नेय आशियात दिसली आणि १९७१ मध्ये हिंदुस्थानात होती. कलकत्त्यात तेव्हा पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. तिथे लोक या आजाराला "जय बांगला" म्हणू लागले आणि बंगालीत ते नाव अजून टिकून आहे. जपानी शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा काढला, त्याला एन्टरोव्हायरस ७० असं नाव मिळालं. त्याचं वैशिष्ट्य असं, की तो अंगाच्या ऊबेपेक्षा किंचित थंड ठिकाणी, ३३ ते ३५ अंशांवर चांगला वाढतो. डोळ्याचा पृष्ठभाग उघडा, वाऱ्यावर असतो. शरीरात त्याच्या सोयीची जागा तीच.

मुंबईत लाखो माणसं त्या वर्षी लाल डोळ्यांनी वावरली आणि आठवड्याभरात विसरून गेली. पण त्यातल्या फार थोड्यांच्या बाबतीत गोष्ट संपली नाही. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी वा आठवड्यांनी त्यांच्या कंबरेत, मांड्यांत कळा येऊ लागल्या आणि मग एक पाय, कधी दोन्ही, लुळे पडले. पोलिओसारखंच, पण पोलिओ लहान मुलांना होतो आणि ही तर धडधाकट मोठी माणसं होती. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी इराणी व कटरक यांनी लाल डोळे आणि लुळे पाय यांच्यातला दुवा जोडला. केईएममधले डॉ. एडी भरुचा यांनीही असे रुग्ण पाहिले होते. १९७२ मध्ये लंडनच्या "लॅन्सेट" या वैद्यकीय साप्ताहिकात मुंबईकर डॉक्टरांची पत्रं आली आणि १९७३ मध्ये वाडिया, इराणी आणि कटरक यांचा सविस्तर लेख. कंबरेच्या भागातल्या मज्जारज्जूला आणि त्यातून निघणाऱ्या नसांच्या मुळांना ही इजा होते, हे त्यांनी मांडलं. १९८१ मध्ये ती साथ पुन्हा मुंबईत आली, पुन्हा असे रुग्ण दिसले आणि या वेळी विषाणूविरुद्धच्या प्रतिद्रव्यांच्या तपासणीतून संबंध पक्का झाला. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं, २०१६ मध्ये ते गेले.

हे वाचून कुणी घाबरू नये. एन्टरोव्हायरस ७० नंतरच्या दशकांत फार क्वचित आढळला आहे आणि तेव्हासुद्धा पाय लुळे पडलेल्यांची संख्या साथीच्या मानाने नगण्य होती. मला यात दिसतो तो त्या डॉक्टरांचा कान. पाय उचलत नाही म्हणून आलेल्या रुग्णाने मध्येच सांगितलेलं "मागे डोळे आले होते" त्यांनी सोडून दिलं नाही. किरकोळ म्हणून विसरलेल्या आजाराचा माग काढला. सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं."

दुसरी एक गोष्ट याहून जुनी आहे आणि आजच्या दवाखान्यांनी ती लक्षात ठेवावी अशी आहे. १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या गोदीतल्या कामगारांत डोळ्यांची मोठी साथ आली आणि तिथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्यांमध्ये पसरली. "गोदीचे डोळे" असंच नाव पडलं. कामगारांच्या डोळ्यात कीस उडायचा, तो काढायला ते प्रथमोपचार केंद्रात जायचे आणि तिथल्याच हातांनी, उपकरणांनी नि औषधाच्या बाटल्यांनी त्यांना लागण व्हायची. उपचार करणारी जागाच साथ वाटत होती. आजही डोळे आलेल्या माणसाने नेत्रतज्ज्ञाकडे जाताना, विशेषतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे म्हातारे रुग्ण जिथे बसलेले असतात तिथे, दारातच सांगावं, "मला डोळे आलेत." वेगळं बसवतील. कुठे हात लावू नये.

आता त्या चुकीच्या जागी केलेल्या उपायांकडे येते.

लेकीचे डोळे चिकटले त्या संध्याकाळी मी घराजवळच्या एका मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. मागच्या खणातून छोटी बाटली काढून समोर ठेवली, सगळे हेच नेतायत म्हणाला. तासाभरात तशा किती बाटल्या गेल्या असतील त्या दुकानातून! घरी येऊन घातले दोन थेंब. सकाळी डोळा खरंच कमी लाल होता. पोर हसली. मी तिसऱ्या दिवशीही घातले. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "यात स्टेरॉइड आहे. आज बंद करा."

स्टेरॉइड डोळ्याची लाली झपाट्याने उतरवतं, म्हणून लोकांना ते औषध वाटतं. लाली म्हणजे शरीराने लढण्यासाठी पाठवलेली कुमक. ती मागे बोलावली की विषाणूला मोकळं रान मिळतं आणि तो डोळ्यात जास्त दिवस राहतो. वरवर साध्या दिसणाऱ्या लाल डोळ्यामागे नागिणीच्या नात्यातला हर्पिसचा विषाणू असेल किंवा बुबुळावर बुरशीची जखम असेल, तर स्टेरॉइडने ती खोलवर जाते. मग डोळ्यात फूल पडतं. पूर्वी गावात एखाद्या म्हाताऱ्याच्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसायचा, ते हेच फूल. महिनोन्महिने कुणी हे थेंब घालत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, असा कायदा आहे. तो कायदा साथीच्या दिवसांत उपनगरातल्या कुठल्या गल्लीत पाळला जातो, हे आपण सगळेच जाणतो. मला याचा राग येतो. दुकानाच्या मुलाचा नाही, त्याला कुणी शिकवलेलं नाही. चिठ्ठी मागणं ही आपल्या भल्याची गोष्ट आहे, हे आपल्यापर्यंत कुणी पोचवलं नाही, त्याचा.

डॉक्टर स्वतः कधी कधी स्टेरॉइड देतात. अ‍ॅडिनोव्हायरसनंतर बुबुळावर बारीक करडे ठिपके राहतात, आठवडे, कधी महिने नजर धूसर होते, उजेड फाकतो. तेव्हा मोजून, तपासत ते वापरावं लागतं. तो निर्णय यंत्राखाली बुबुळ बघून घ्यायचा असतो.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर विषाणूवर ते चालत नाही. जिवाणूंनी डोळे येतात, मुलांमध्ये बऱ्यापैकी येतात. तेव्हा दाट पिवळा-हिरवट पू दिवसभर येत राहतो आणि थेंबांचा उपयोग होतो. पण कुठले आणि किती दिवस, हे डॉक्टरने ठरवायचं. साथीतल्या पाणावलेल्या लाल डोळ्याला बहुतेकदा लागतं ते इतकंच. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे पुसायचं, दर वेळी नवा बोळा, प्रत्येक डोळ्याला वेगळा, आणि तो लगेच केराच्या डब्यात. थंड पाण्याच्या घड्या. डॉक्टरने दिले तर कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि ती बाटली एकाच माणसाची, तिचं तोंड पापणीला न टेकवता धरलेली. आमच्या घरात चौघांनी एकच बाटली वापरली होती. टॉवेलइतकीच ती बाटलीही फिरली.

सासूबाईंनी गुलाबपाणी सुचवलं, शेजारच्या काकूंनी मध, कुणी तुरटी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर कांद्याचा रस आणि गोमूत्रसुद्धा आलं. प्रेमाने सांगतात सगळे. पण जे निर्जंतुक नाही ते सुजलेल्या डोळ्यात घालायचं नाही, एवढं मी आता ठामपणे म्हणते. धण्याच्या पाण्याची थंड पट्टी मिटल्या पापणीवर ठेवली तर बरं वाटतं, ते बरं वाटणं थंडाव्याचं आहे. काजळ आणि सुरमा मात्र त्या दिवसांत हातात घ्यायचा नाही. उघडी डबी टाकून द्यायची.

थांबायचं कुठे नाही, हेही लिहायला हवं. डोळा नुसता चुरचुरत नाही तर खरंच दुखतो आहे, पाणी पुसूनही अंधुक दिसतं आहे, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरं दिसतं आहे, डोळ्याला मार लागला होता किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरता, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. लेन्स काढायची आणि ती जोडी डबीसकट फेकायची. आणि नवजात बाळाचे डोळे चिकटू लागले, तर घरचं काहीही न करता थेट रुग्णालयात. बाळंतपणात आईकडून लागलेल्या जंतूंनी काही दिवसांत बाळाची नजर जाऊ शकते.

आमच्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या मावशी घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहतात. रंगवलेल्या भिंतींमुळे मेट्रोतून फार सुंदर दिसतो तो डोंगर. वर पाणी ठरावीक वेळेला येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात, आणि पिंपातल्या पाण्यातून आधी स्वयंपाक, मग पिणं, मग आंघोळी आणि शेवटी उरलं तर हात. घरात सहा माणसं, खोली एक. "रुग्णाची खोली वेगळी ठेवा, उशीचा अभ्रा रोज बदला, दर तासाला हात धुवा," असं सांगणारा कागद त्यांच्या मुलाने शाळेतून आणला होता. मावशींनी तो मला वाचायला दिला आणि विचारलं, "ताई, यातलं आपल्याला काय जमंल?"

आम्ही दोघींनी बसून त्यातलं काढलं. प्रत्येकाचा वेगळा पंचा, जुन्या सुती साडीचे सहा तुकडे, वेगवेगळ्या रंगांच्या काठाचे, म्हणजे चुकणार नाहीत, आणि सहा खिळ्यांवर वेगवेगळे. पिंपात हात बुडवायचा नाही, तांब्याने पाणी दुसऱ्याने ओतायचं आणि साबणाने हात धुवायचे. डोळे आलेल्याने भिंतीकडे झोपायचं, उशीवर घालायला जुना गंजीफ्रॉक, तो सकाळी धुवून उन्हात किंवा इस्त्रीखाली. मोबाइल दुसऱ्याला द्यायचा नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड निघालं, कारण घरात फोन एकच होता.

पाण्याचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. ज्याला गावाकडे खुपऱ्या म्हणतात, त्या आजाराने एके काळी या देशात असंख्य माणसं आंधळी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या हटल्या. त्या लढाईत शस्त्रक्रिया होती, औषधं होती, आणि त्यांच्या बरोबरीने चेहरा धुण्याची सवय, स्वच्छ परिसर व पाणी होतं. डोळ्यांचा आजार नळातून बरा होतो, हे आपण एकदा करून दाखवलेलं आहे.

दोन आठवड्यांनी मावशी काळा चष्मा लावून दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना आत घेतलं नाही. पाणी यायचं थांबेपर्यंत येऊ नका म्हटलं, बऱ्या झाल्या की या. त्यांनी मान हलवली पण पाय निघेना. आठ घरं करतात त्या. आठही घरांनी हेच सांगितलं होतं. माझा नवरा त्याच आजाराला सहा दिवस घरी होता, लॅपटॉपवर थोडंफार काम करत, आणि त्याच्या पगारातला रुपया कापला गेला नव्हता. मी त्यांना तेव्हा पैशांबद्दल काही बोलले नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही.

पाच दिवसांनी त्या आल्या. डोळे निवळले होते. भांडी घासताना उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात अजून फिकट लाली दिसत होती. महिना संपला तेव्हा मी पाकीट दिलं. त्यांनी न उघडता ते कमरेला खोचलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं, "ताई, खाडे किती धरलेत?"

"एकही नाही," मी म्हटलं.

त्यांनी कॅलेंडरवरच्या त्या पाच चौकटींवरून बोट फिरवलं. "बाकीच्या सात घरांनी पाच धरलेत," म्हणाल्या, आणि बादली घेऊन आत गेल्या.